पहिल्या उंदराची वर्दी

१८९७ च्या मे महिन्यात पुण्यातला प्लेग ओसरला. मार्चपासून शहरात प्लेग कमिटीची मोहीम चालू होती. तिचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हुकमाने गोऱ्या शिपायांच्या तुकड्या पेठापेठांतून घरे तपासत होत्या. गाठीचा किंवा नुसत्या तापाचा माणूस दिसला की त्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना गावाबाहेरच्या कँपात हलवले जाई. अंथरूण-पांघरूण जाळले जाई, जमिनी उकरून कार्बोलिक ओतले जाई. दोन-अडीच महिन्यांत रोग हटला. सक्ती झाली, जाच झाला, पण साथ तर आटोक्यात आली, असा निष्कर्ष त्यावरून काढता येतो आणि आजही तो अधूनमधून काढला जातो. या निष्कर्षाला एक मोठी अडचण आहे. त्याच वर्षी पावसाळ्यात प्लेग पुण्यात परतला आणि पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त माणसे घेऊन गेला. १८९९ ची खेपही फार वाईट होती. मुंबईतही दर साल हेच चक्र दिसे. थंडीत रोग चढायचा, फेब्रुवारी-मार्चात शिगेला पोचायचा, उन्हे तापली की उतरायचा. याचे कारण पुढे दहा वर्षांनी उलगडले. हवा साधारण ८५ अंश फॅरनहाइटच्या वर तापली की पिसूच्या पोटातले प्लेगचे जंतू लवकर नाहीसे होतात आणि रोगाची साखळी तुटते. मे महिन्यात पुण्यातून प्लेग घालवला तो बहुतांशी उन्हाळ्याने. मोहिमेने मागे ठेवले ते वेगळेच. घरात कोणी आजारी पडले तर ते सरकारला कळता कामा नये, हा धडा शहराने पक्का गिरवला.

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे साथीच्या रोगांशी झालेल्या झुंजीची ओळख करून देताना मला मुख्यतः हाच मुद्दा मांडायचा आहे. साथ आवरायची तर सर्वांत आधी वर्दी हवी. कोणत्या घरात उंदीर पडले, कोणाला ताप भरला, कोण कोणत्या गावाहून आले, ही माहिती वेळेवर मिळाली तर डॉक्टर, लस, चुना आणि पैसा यांचा उपयोग. ती नसेल तर सर्वांत मोठी फौजही अंधारात चाचपडते. आणि ही माहिती ज्यांच्याकडे असते त्यांना ती सांगितल्यावर काय भोगावे लागेल, यावर ती मिळणे अवलंबून असते. प्लेगच्या पहिल्या चार वर्षांत सरकारने ही किंमत इतकी वाढवून ठेवली की माहितीचा झरा आटला. पुढच्या दहा वर्षांत ती हळूहळू उतरली, आणि त्याच काळात रोगाचे खरे स्वरूपही हाती आले. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या त्यात योगायोगाचा भाग आहे, पण सगळाच योगायोग नाही.

आरंभ मुंबईचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात धान्याच्या गोदामांच्या आसपास ताप येऊन काखेत-जांघेत गाठी धरणारे रोगी डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांना दिसले. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर महापालिकेचे सदस्यही होते. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी उघडपणे सांगितले तेव्हा ते कोणालाच ऐकायला नको होते. प्लेग जाहीर होणे म्हणजे बंदर बंद पडणे, परदेशी बंदरांनी मुंबईच्या जहाजांना कारंटीन लावणे, कापसाचा व्यापार ठप्प होणे. काही आठवड्यांत शंका उरली नाही. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेआठ लाखांच्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली होती. त्याच महिन्यात, ४ फेब्रुवारीला, साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या काही कलमांचा हा कायदा सरकारला प्रवासी उतरवून तपासण्यापासून घर पाडण्यापर्यंत जवळजवळ कोणताही अधिकार देत होता. यात घाई होती, पण घाईलाही कारण होते. युरोपीय राष्ट्रे हिंदुस्थानच्या मालावर बंदी घालण्याच्या बेतात होती आणि सरकारला आपण कडक उपाय करत आहोत, हे दाखवून द्यायचे होते. उपायांची निवड रोग्याकडे बघून जितकी झाली तितकीच व्हेनिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेकडे बघून झाली.

पुण्यात जे घडले त्याचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, फाशी झाल्या, टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. ही हकीकत राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आरोग्याचा इतिहास तिच्याखाली दबून गेला. त्यातून असा समज झाला की पुणेकरांचा विरोध रोगनिवारणालाच होता. पुरावा तसे सांगत नाही. टिळकांनी रोग्याला वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाला विरोध केला नाही. त्यांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला, आणि त्यांचा आक्षेप अंमलबजावणीच्या रीतीवर होता. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर झालेल्या यशवंत या आपल्या दत्तक मुलाबरोबर पुण्याबाहेर रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनेच त्यांचा अंत झाला. पंडिता रमाबाई ख्रिस्ती होत्या, शिक्षणाच्या कैवारी होत्या, त्यांच्यावर अंधश्रद्धेचा आरोप कोणी करणार नाही. त्यांनीही प्लेगच्या इस्पितळात मुलींना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध जाहीरपणे लिहिले. गोखले इंग्लंडमध्ये होते. तिथे त्यांनी शिपायांच्या अत्याचारांबद्दल केलेल्या विधानाला पुरावा देता आला नाही म्हणून त्यांना माफी मागावी लागली. त्या माफीचा अर्थ पुष्कळांनी सगळे ठीक होते असा लावला. मला ती माफी वर्दीच्या प्रश्नाचाच एक भाग वाटते. ज्या बाईची अब्रू गेली असेल, ती पंच-साक्षीदारांसमोर ते सांगायला येणार कशी? पुराव्याचा अभाव आणि घटनेचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लपवालपवी कशी होई, याची वर्णने त्या काळच्या सरकारी अहवालांतच आहेत. झडतीची तुकडी गल्लीत शिरली की रोग्याला मागच्या दाराने शेजारी हलवायचे, माळ्यावर किंवा कोठीत निजवायचे, अंगात ताप असता त्याला उठवून बसवायचे, मृताला रातोरात गुपचूप पोचवायचे. या लपवण्याने रोग पसरला, हे अधिकाऱ्यांचे म्हणणे बरोबर होते. पण ते लपवणे कशातून आले, हा पुढचा प्रश्न त्यांनी क्वचितच विचारला. मुंबईत तर आकड्यांनीच हे उघड केले. प्लेगने मेलेल्यांची नोंद एक सांगे आणि त्या आठवड्यांतले एकूण मृत्यू भलतेच काही सांगत. नेहमीच्या वर्षापेक्षा जे जास्त मेले त्यांतल्या पुष्कळांच्या नावापुढे साधा ताप किंवा श्वासाचा विकार लिहिलेला असे. आरोग्य खात्याला शेवटी हा फरक वजाबाकीने काढावा लागला. रोगाची व्याप्ती ज्या खात्याला अंदाजानेच कळते, त्याने कितीही रस्ते धुतले तरी ते कोणत्या घरासाठी धुतले, हे त्याला ठाऊक नसते.

याउलट मुंबईतलाच एक अनुभव फारसा सांगितला जात नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये रोग्यांना सक्तीने हलवण्याचा हुकूम निघाला आणि त्या महिन्याच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. त्याहून मोठी भीती पालिका आयुक्त स्नो यांना वेगळ्याच गोष्टीची होती. शहराचा मैला वाहणारे, तेव्हा हलालखोर म्हणवले जाणारे सफाई कामगार गाव सोडून गेले तर मुंबई चार दिवसही राहण्याजोगी उरणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि सक्ती सैल केली. ज्यांना शहराने सर्वांत खालची जागा दिली होती, त्यांच्या निघून जाण्याच्या नुसत्या शक्यतेने धोरण बदलले, ही या इतिहासातली मोठी घटना आहे आणि तिला तिची जागा मिळायला हवी. पुढे मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांची प्लेग कमिटी आली. तीही कडकच होती, लष्करी होती. पण तिने जातीजमातींना आपापली इस्पितळे काढू दिली. जैनांचे, भाटियांचे, मुसलमानांचे, बेने इस्रायलांचे असे वेगवेगळे वॉर्ड उभे राहिले. औषध सगळीकडे जवळजवळ तेच होते आणि ते फारसे लागू पडत नव्हते. पण आपल्या माणसांत मरता येईल, देहाची विटंबना होणार नाही, एवढ्या खात्रीवर माणसे रोगी घेऊन येऊ लागली. जातवार इस्पितळे हा आदर्श नव्हे, हे मान्य. पण रोगी आपण होऊन दारात येणे हा साथीच्या काळात फार मोठा लाभ असतो.

आता सरकारी शास्त्राकडे वळू. पहिल्या वर्षांत अधिकारी ज्या समजुतीवर चालले ती अशी की प्लेग घाणीत, ओल्या जमिनीत, कोंदट हवेत वाढतो आणि माणसाकडून माणसाकडे जातो. म्हणून गटारांत समुद्राचे पाणी सोडले, छपराची कौले काढून खोल्यांत ऊन पाडले, भिंतींना चुना फासला, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर यू. एच. एच. अशी अक्षरे रंगवली. १८९८ मध्ये याच विचारातून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने नागपाड्यासारख्या वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली. आजच्या मुंबईची रचना यातून घडली, हे खरे. पण पहिल्या काही वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, आणि उठवलेली कुटुंबे शेजारच्याच चाळींत आणखी दाटीने राहू लागली. रोग घाणीचा म्हणून घाणेरडी जागा पाडायची, आणि त्या जागेत राहणाऱ्यांनी कुठे जायचे याचा विचार मागाहून करायचा, ही पद्धत तेव्हापासून आपल्या नगरविकासाला चिकटली आहे. तिचे मूळ प्लेगात आहे, हे किती जणांना माहीत असते?

या काळात गावोगावचे शेतकरी काय करत होते? घरात उंदीर पडू लागले की ते घर सोडत. गावात ठिकठिकाणी पडू लागले की सगळे गाव उठे आणि शिवारात, माळावर, तट्ट्या-कडब्याच्या झोपड्या घालून राही. दोन-तीन महिन्यांनी, उन्हे चढली की परत येई. महाराष्ट्रात प्लेगची पहिली खेप गेल्यावर ही रीत लवकरच अंगवळणी पडली. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरात ती त्याच्याही आधीपासून होती. तिथे महामारी येण्यापूर्वी उंदीर मरतात आणि लोक गाव सोडून जातात, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज डॉक्टरांनीच नोंदवून ठेवले होते. म्हणजे ज्याला अडाण्याची पळापळ म्हटले गेले, त्यात दोन बरोबर निरीक्षणे होती. माणसाच्या आधी उंदीर मरतो, आणि धोका माणसाच्या शेजारात नसून त्या घरात असतो. कारण कळले नव्हते, पण कृती अचूक होती. रोग्याला घरातून काढून बाकीच्यांना तिथेच ठेवण्यापेक्षा सगळ्यांनीच घर सोडणे किती सुरक्षित, हे आज कोणीही सांगेल.

कारण शोधणारा पहिला माणूस पॉल-लुई सिमाँ. पाश्चर इन्स्टिट्यूटने त्याला हिंदुस्थानात धाडले होते. त्याच्या कानावर एका लोकरीच्या गिरणीची हकीकत आली. सकाळी कामगार आले तो जमिनीवर मेलेल्या उंदरांचा सडा पडलेला होता. तो उचलायला वीस जणांना लावले, तीन दिवसांत त्यांतले दहा जण प्लेगने पडले, बाकीच्या कामगारांना काही झाले नाही. उंदराला हात लावून रोग होतो, तर मेल्यावर बराच वेळ गेलेल्या उंदराला हात लावून का होत नाही? सिमाँने रोग्यांच्या अंगावर बारीक फोड पाहिले होते, ते कीटक चावल्याच्या खुणा असाव्यात असे त्याला वाटले. थंड झालेल्या उंदराला सोडून पिसवा नवे शरीर शोधतात, हे त्याने ताडले आणि जून १८९८ मध्ये कराचीत एका हॉटेलात आजारी उंदरापासून निरोगी उंदराला, दोघांचा स्पर्श होऊ न देता, रोग लागलेला पाहिला. त्याच्या निबंधाची जवळजवळ सगळ्यांनी उपेक्षा केली. सरकारने नेमलेल्या १८९८-९९ च्या प्लेग कमिशननेही त्याचे म्हणणे बाजूला सारले.

मग कॅप्टन ग्लेन लिस्टन आले. १९०३ मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेत गिनीपिग प्लेगने मेले आणि त्यांच्या अंगावर उंदरांवरच्या पिसवा सापडल्या. त्याच सुमारास एका चाळीत आधी उंदीर मेले, मग पिसवांनी माणसांना भंडावून सोडले, मग माणसे आजारी पडली. लिस्टन यांनी रहिवाशांच्या अंगावरून पिसवा गोळा केल्या तेव्हा त्यांतल्या जवळजवळ निम्म्या उंदराच्या निघाल्या. एरवी माणसाच्या अंगावर ती जात क्वचितच आढळे. १९०५ मध्ये नवे संशोधन मंडळ नेमले गेले आणि परळला, जुन्या राजभवनातल्या प्रयोगशाळेत, त्याचे काम सुरू झाले. हे प्रयोग थोडे जवळून पाहण्यासारखे आहेत. आवारात मुद्दाम लहान गोदामे बांधली. काहींवर गावठी कौले, काहींवर यंत्राची चपटी कौले, काहींवर पत्रे. गावठी कौलांखाली उंदरांनी मनसोक्त घरे केली. आत गिनीपिग सोडले. पिसवा नसतील तर आजारी आणि निरोगी जनावरे एकत्र ठेवली तरी रोग लागत नसे. पिसवा असतील तर एकामागून एक मरत. मग पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातले जनावर मेले, दोन फुटांवरचे जगले, कारण पिसू तेवढी उंच उडत नाही. प्लेगच्या घरात ठेवलेल्या माकडाभोवती सहा इंच रुंदीचा चिकट पट्टा अंथरला तेव्हा पिसवा त्यात अडकल्या आणि माकड वाचले. हवा, जमीन, घाण यांवरचा दहा वर्षांचा वाद त्या सहा इंचांत मिटला. चावताना जंतू आत कसे जातात, हे मात्र १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवले. जंतूंच्या वाढीने पिसूचे जठरमुख बुजते, तिला रक्त गिळता येत नाही, ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि ओढलेले रक्त जंतूंसकट परत जखमेत जाते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. १९०६ मध्ये कळलेल्या गोष्टीवरून १८९७ च्या अधिकाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे नाही का? पिसूपुरते बोलायचे तर आहे. पिसू कोणालाच ठाऊक नव्हती. पण उंदीर ठाऊक होता. १८९४ मध्ये हाँगकाँगला जंतू शोधणाऱ्या येर्सँनेच मेलेल्या उंदरांत तो पाहिला होता आणि उंदरांकडे बोट दाखवले होते. गढवालच्या नोंदी सरकारच्याच दप्तरात होत्या. मांडवीत माणसांच्या आधी उंदीर मेल्याचे गोदामवाले सांगत होते. ही सगळी माहिती हाताशी असताना झडतीच्या तुकड्यांना माणसाची काख चाचपायला शिकवले गेले आणि मेलेल्या उंदराची नोंद दुय्यम राहिली. याला मी अज्ञान म्हणणार नाही. कोणाकडून आलेली माहिती विश्वासाची धरायची, या निवडीचा तो प्रश्न होता. त्याच कारणाने कराचीतल्या सिमाँचे म्हणणे आणि माळावर राहायला गेलेल्या शेतकऱ्याची कृती, दोन्ही एकाच टोपलीत गेली.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. लोकांचे ऐकायचे तर त्याच लोकांनी हाफकिनची लस का नाकारली? वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत तीन महिन्यांत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःला टोचून घेतली. तिचा गुण होता यात शंका नाही. दमणमध्ये टोचलेल्या सुमारे २,२०० जणांत ३६ मृत्यू झाले, न टोचलेल्या सुमारे ६,००० जणांत १,४८२. कोणी म्हणेल, टोचून घेणारे आधीच सावध आणि खाऊनपिऊन सुखी असतील. ती शंका बडोद्याजवळच्या उंडेरा गावाने फेडली. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्रत्येक कुटुंबातल्या सुमारे निम्म्या माणसांना टोचले. मागाहून २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना तो झाला आणि ३ मेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना झाला आणि २६ मेले. एकच छप्पर, एकच चूल, एकच पीठ, आणि निकाल असा. हिंदुस्थानच्या वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वच्छ प्रयोग त्या काळी दुसरा मला ठाऊक नाही. तरी लस मागे का पडली? ताप-सूज फार येई, हे एक. पण मोठे कारण हे की ती कोणाच्या हातून येते, यावर ती घ्यायची की नाही हे ठरत होते. आगाखानांनी स्वतः टोचून घेतले आणि हजारो खोजांनी मागोमाग दंड पुढे केले. जिथे तीच सुई झडती घेणाऱ्या सरकारची वाटली तिथे अफवा उठल्या. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असे पुढे दिसून आले. पण ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना निलंबित केले गेले आणि १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी बाजू घेतल्यावर ते दोषमुक्त झाले. त्या पाच वर्षांत प्लेगने देशात लाखो माणसे नेली. १९०७ या एकाच वर्षात तेरा लाखांच्या आसपास. एका चिमट्याची चूक झाली तेव्हा ती लोकांना तत्परतेने, खरेपणाने सांगितली गेली असती तर काय झाले असते, हा विचार मला सोडत नाही.

मग सक्ती कधीच नको का? तसे मी म्हणणार नाही. मुंबईत लहान मुलांना देवी काढणे १८७७ पासून कायद्याने सक्तीचे होते आणि त्याने मुले वाचली. पण त्या सक्तीमागे लागू पडणारा उपाय होता, ती सर्वांना सारखी होती आणि तिने घर उद्ध्वस्त होत नव्हते. प्लेगच्या सक्तीत या तिन्हींपैकी काहीच नव्हते. सत्तेने करण्यासारखे पुष्कळ होते. गाव माळावर गेला तर मोकळ्या घरांवर चोरांची टोळी पडते, तिथे पहारा हवा होता. झोपड्यांना बांबू-गवत हवे होते. बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी होती. १९०० च्या सुमारास दंगे आणि अपयश पाहून सरकारने जबरदस्ती सोडली, तेव्हा यांतल्या काही गोष्टी ठिकठिकाणी होऊ लागल्या आणि उंदीर पडल्याची वर्दी पाटलाकडे येऊ लागली. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचे मूळ विहिरींतल्या डासांत दाखवले तेव्हा विहिरी बुजवण्याला पारशांनी आणि हिंदूंनी धर्माच्या नावाने विरोध केला. तिथे काही विहिरींना झाकणे आणि जाळ्या बसवून वाट काढली गेली. पंधरा वर्षांपूर्वी अशी वाट शोधण्याची कोणाची तयारी नव्हती.

लोकांना निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. इस्पितळात माणसाचे तेल काढतात, ही अफवा त्यांचीच होती. दुसऱ्या जातीच्या शेजारच्या खाटेवर निजणे नको, हा हट्टही त्यांचाच, आणि त्या हट्टाला स्वातंत्र्याचे नाव देणे चूक होईल. गाव सोडणेही सर्वांना सारखे जमत नव्हते. ज्याचे शेत त्याची झोपडी. शेत नसलेला महार-मांग कुठे जाणार, आणि पगार कापला जाणारा गिरणी कामगार किती दिवस कोकणात बसणार? मोकळ्या पडलेल्या गावात राखण करायला, मेलेली जनावरे ओढायला जे मागे राहिले ते कोण होते, हे सांगायला नको. प्लेगचा हिशेब जातीने आणि मजुरीने भरलेला आहे, आणि पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने तो नजरेआड करू नये.

हा वृत्तांत १९१८ च्या इन्फ्लुएन्झापर्यंत नेणे आवश्यक आहे, कारण तिथे माझ्या मुद्द्याची मर्यादाही दिसते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीकडून शिरलेल्या तापाला उंदीर नव्हता, पिसू नव्हती, लस नव्हती, माळावर जाऊन सुटका नव्हती. वर्दी वेळेवर मिळूनही काही करता आले नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली, पावसाने दगा दिलेला, धान्य महाग, डॉक्टर महायुद्धावर. सरकारने फारसे हुकूम काढले नाहीत, कारण काढण्यासारखे काही उरले नव्हते. त्या आठवड्यांत मुंबईत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे आणि निरनिराळ्या जातीसंस्थांचे स्वयंसेवक चाळीचाळींतून औषध आणि दूध घेऊन हिंडले. कोण आजारी आहे हे त्यांना शोधावे लागले नाही. लोकच सांगत आले. औषधाने ताप हटला नाही, पण ज्या खोलीत सगळेच आडवे झाले होते तिथे पाणी पाजायला कोणी तरी पोचले, आणि त्या साथीत पुष्कळदा तेवढ्यावरच माणूस वाचत असे.